रोजा, यकृत आणि रिकामे कोठार

रमजानचा चाँद दिसला की मुस्लिम घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो. घरातल्या आजारी माणसाने रोजा धरायचा की नाही? मधुमेहाचा रुग्ण आता हा प्रश्न मोकळेपणाने डॉक्टरांना विचारतो. रक्तदाबाचा रुग्ण गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारवर बसवून घेतो. एक रुग्ण मात्र गप्प असतो. त्याला लिव्हर सिरॉसिस झालेला असतो. आजाराचे नाव घेतले की समोरच्याच्या नजरेत दारूची बाटली उभी राहते, हे त्याला ठाऊक असते. मग तो कुणाला काही न सांगता सहरीला उठतो आणि रोजा धरतो. घरच्यांनी अडवले तर एकच उत्तर मिळते, "चाळीस वर्षं धरतोय, एवढ्यानं काय होतंय?"

चाळीस वर्षे धरलेल्या रोज्यांच्या मागे एक निरोगी यकृत काम करत होते, हे या उत्तरात राहून जाते. उपाशीपणाचा सगळा भार शरीरात हाच अवयव उचलतो. तोच थकला की उपवासाचा हिशेब मुळापासून बदलतो.

बदनामी दारूची, कारणे अनेक

यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे मरत राहिल्या की त्यांच्या जागी जखमेच्या व्रणासारखे कठीण धागे तयार होतात. मऊ, गुळगुळीत यकृत गाठीगाठीचे आणि आखडलेले होते. १८१९ मध्ये रेने लेनेक या फ्रेंच वैद्याने या आजाराला सिरॉसिस हे नाव दिले. अशा यकृताचा रंग पिवळसर-तपकिरी दिसतो. त्या रंगासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. स्टेथोस्कोप शोधून काढणारा तो हाच लेनेक.

दारू हे सिरॉसिसचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. पण ते एकमेव कारण नाही. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तातून शिरतात आणि वीस-वीस वर्षे आवाज न करता यकृत पोखरतात. पोटाचा घेर, मधुमेह आणि यकृतात साठणारी चरबी हे आज झपाट्याने वाढणारे कारण आहे. दारूचा थेंबही न घेतलेल्या, पाच वक्ताच्या नमाजी माणसालाही सिरॉसिस होतो. शाकाहारी, माळकरी माणसालाही होतो.

याचा सर्वांत हृदयद्रावक पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. काही दशकांपूर्वीपर्यंत आपल्याकडे दोन-तीन वर्षांची मुले सिरॉसिसने दगावत असत. वैद्यकशास्त्रात या आजाराला 'इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस' असेच नाव पडले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या घरांतील स्वयंपाकघरापर्यंत माग काढला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड होते. त्यांना आईच्या दुधाऐवजी लवकरच वरचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवले, ठेवले जात होते. पितळेतले तांबे दुधात उतरत होते. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. पितळेची जागा स्टीलने घेतली, आईच्या दुधाचा आग्रह वाढला आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. गल्लीत हाक देत येणारा कल्हईवाला भांड्याला कथलाचा जो पातळ थर देत असे, तोही खरे तर तांबे आणि अन्न यांच्यामधली भिंतच होता.

त्या तान्ह्या मुलांनी कोणता गुन्हा केला होता? सिरॉसिसच्या रुग्णाकडे संशयाने पाहण्यापूर्वी हा प्रश्न आठवला तरी पुष्कळ आहे.

तेरा तासांची शिदोरी

निरोगी माणसाचा रोजा शरीरात कसा पार पडतो, ते आधी पाहू. सध्याच्या वर्षांत रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आहे. कोल्हापुरात अशा दिवसांत रोजा सुमारे तेरा तासांचा असतो. या तेरा तासांत पोटात काही जात नाही, पण मेंदूला साखर लागतच असते. मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम साखर वापरतो, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. तेरा तासांचे साठ-पासष्ट ग्रॅम झाले. ही साखर येते कुठून?

सहरीचे अन्न पचेपर्यंत पहिले तीन-चार तास तेच पुरते. त्यानंतर यकृत आपले कोठार उघडते. उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलोचा अवयव जेवणानंतर रक्तात आलेली जादा साखर ओढून घेतो आणि ग्लायकोजेन नावाच्या पदार्थाच्या रूपात साठवतो. भरपेट जेवणानंतर यकृतात असा ऐंशी-शंभर ग्रॅमचा साठा असतो. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठवत, तसेच हे शरीराचे पेव. गरज पडेल तसे यकृत त्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडते. फ्रान्सच्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे उलगडले. साखर अजिबात न खाणाऱ्या प्राण्याचे यकृतही रक्तात साखर सोडते, हे त्याला आढळले. पुढे १८५७ मध्ये त्याने ग्लायकोजेन यकृतातून वेगळे करून दाखवले.

साठा कमी होऊ लागला की यकृत दुसरे काम वाढवते. स्नायूंतून आलेली अमिनो आम्ले आणि चरबीतून सुटलेले काही घटक घेऊन ते नवी साखर तयार करते. सोबत चरबी जाळूनही शरीर ऊर्जा मिळवते. निरोगी माणसाच्या बाबतीत मगरिबची अजान होईपर्यंत कोठारात काही ना काही शिल्लक असते. खजूर तोंडात पडतो आणि कोठार पुन्हा भरू लागते. म्हणूनच रोजा निरोगी माणसाला सोसतो. भूक लागते, डोके जड होते, पण शरीर आतून मोडत नाही.

एका रात्रीत तीन दिवसांचा उपवास

सिरॉसिसमध्ये हेच कोठार ढासळते. काम करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, व्रणांनी जागा अडवलेली असते. साठा करायलाच जागा उरत नाही. भरपेट जेवण केले तरी त्यातले थोडेच साठते आणि काही तासांत संपते. मग शरीर स्नायू आणि चरबी मोडायला घेते.

१९८३ मध्येच अमेरिकेतील ऑलिव्हर ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये रात्रभराच्या उपाशीपणानंतर शरीर कोणते इंधन जाळते, याचे मोजमाप केले. रात्री जेवून सकाळी तपासलेल्या या रुग्णांच्या शरीराची अवस्था दोन ते तीन दिवस उपाशी राहिलेल्या निरोगी माणसासारखी होती.

हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे. सिरॉसिसचा रुग्ण रात्री आठला जेवून सकाळी आठला चहा घेतो, तेव्हा त्याच्या शरीराचा दोन-तीन दिवसांचा उपवास आधीच झालेला असतो. असे रोज होते. कुणाला कळत नाही, त्यालाही नाही. फक्त दंड बारीक होतात, गालफडे बसतात, पायांच्या पोटऱ्या सैल पडतात. पोटात पाणी साचल्याने वजनाचा काटा मात्र जागेवरच राहतो. घरचे म्हणतात, वजन तर तेवढेच आहे. खरे तर स्नायू गेलेले असतात आणि त्यांच्या जागी पाणी भरलेले असते.

अशा शरीरावर तेरा तासांचा रोजा चढवला तर काय होईल, याची कल्पना करायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

उपाशीही आणि साखरही

इथे आजार दुसरी बाजू दाखवतो आणि घरचे चक्रावतात. उपाशीपोटी ज्याची साखर नीट असते, त्याचीच साखर जेवणानंतर खूप वर जाते. कारण तेच, कोठार नाही. जेवणातून आलेली साखर निरोगी यकृत दारातच अडवून आत घेते. सिरॉसिसमध्ये यकृताकडे येणाऱ्या रक्ताला व्रणांमुळे वाट मिळत नाही. ते आडवाटांनी यकृताला वळसा घालून थेट शरीरात जाते आणि साखरही त्याच्याबरोबर जाते.

इन्सुलिनचेही असेच होते. स्वादुपिंडाने सोडलेले जवळजवळ निम्मे इन्सुलिन निरोगी यकृत पहिल्या फेरीतच वापरून मोडून टाकते. आजारी यकृताला ते जमत नाही. रक्तात इन्सुलिन वाढते, पण स्नायू त्याला दाद देईनासे होतात. दारावर रोज तोच माणूस हाका मारू लागला की घरातले लक्ष देईनासे होतात, तसे. पुढे स्वादुपिंडही थकते आणि उघड मधुमेह दिसू लागतो. यकृताच्या आजारातून येणाऱ्या अशा मधुमेहाकडे जर्मन वैद्य बर्नहार्ड नॉनिन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लक्ष वेधले होते. सिरॉसिसच्या बहुसंख्य रुग्णांत साखरेची घडी या ना त्या प्रमाणात विस्कटलेली असते.

यातून दोन फसवणुका होतात. पहिली, फक्त उपाशीपोटीची साखर तपासली तर सगळे ठीक आहे असे वाटते. दुसरी, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी या रुग्णांत दगा देऊ शकते. प्लीहा वाढलेली असते, रक्त कमी असते, तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून जेवणानंतरची साखर तपासणे इथे महत्त्वाचे ठरते.

आणि अशा रुग्णाने इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन रोजा धरला तर? निरोगी शरीरात साखर घसरली की यकृत धावून येते. इथे धावून येणारेच कुणी नाही. दुपारी सगळे झोपलेले असताना साखर घसरते. रुग्ण बरळतो, घामेघूम होतो. घरच्यांना वाटते, रोजा लागला असेल.

वस्ताद ओरडतो, खुराक पोचत नाही

आता या आजारातली सर्वांत कमी ठाऊक असलेली बाजू. कोल्हापूर तालमींचे गाव आहे, म्हणून ती इथे समजायला सोपी जावी.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती ग्रोथ हार्मोन सोडते, विशेषतः गाढ झोपेत. नावावरून ते फक्त मुलांची उंची वाढवणारे वाटते. पण मोठ्या वयातही स्नायू टिकवणे, चरबी मोडणे, साखर सांभाळणे ही कामे ते करते. मात्र वाढीचे बरेच काम ते स्वतः करत नाही. ते यकृताला हुकूम देते आणि यकृत आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक तयार करून रक्तात सोडते. स्नायू आणि हाडे यांना वाढीचा निरोप पोचवणारे हे संप्रेरक. १९५७ मध्ये अमेरिकेतील विल्यम सॅल्मन आणि विल्यम डॉहाडे यांनी ग्रोथ हार्मोन आणि वाढ यांच्यामध्ये असा एक मध्यस्थ असल्याचे प्रयोगातून दाखवले. रक्तातले सुमारे तीन चतुर्थांश आयजीएफ-१ एकट्या यकृतातून येते.

तालमीत वस्ताद सांगतो आणि मुदपाकखान्यातून पैलवानाला खुराक मिळतो, अशी ही व्यवस्था. 'वस्ताद' हा शब्द फारसी-उर्दूतल्या 'उस्ताद'चाच मराठी अवतार. वस्तादाने हुकूम द्यायचा, खुराक पोचला की थांबायचे. आयजीएफ-१ रक्तात पुरेसे झाले की पिट्युटरीला तसा निरोप जातो आणि ती ग्रोथ हार्मोन आवरते घेते.

सिरॉसिसमध्ये मुदपाकखानाच बंद पडतो. यकृत हुकूम ऐकत नाही, आयजीएफ-१ घटते. खुराक पोचल्याचा निरोप येत नाही, म्हणून वस्ताद आणखी मोठ्याने ओरडतो. रक्तात ग्रोथ हार्मोन वाढलेले आणि आयजीएफ-१ घसरलेले, असे उलटे चित्र दिसते. निरोगी माणसाला ग्लुकोजचे पाणी पाजले की ग्रोथ हार्मोन खाली येते. सिरॉसिसच्या अनेक रुग्णांत ते खाली येत नाही, काहींत तर उलट वाढते.

वस्तादाचे हे ओरडणे फुकटही जात नाही. ग्रोथ हार्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध दिशेने काम करते. ते जास्त झाले की साखर चढते, चरबी मोडते. म्हणजे वाढीचा लाभ शून्य आणि साखरेचा तोटा पदरात. यकृताचा गंभीर आजार असलेली मुले याच कारणाने खुरटतात. त्यांच्या शरीरात ग्रोथ हार्मोन असते, पण त्याचा हुकूम पाळणारे यकृत नसते. यकृताचे प्रत्यारोपण यशस्वी झाले की आयजीएफ-१ पुन्हा वाढते. दोष कुठे होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा दुवा. ग्रोथ हार्मोन वर आणि आयजीएफ-१ खाली, हे चित्र आणखी कुणात दिसते? अनेक दिवस उपाशी ठेवलेल्या निरोगी माणसात. उपासमारीत शरीर वाढ थांबवते, चरबी जाळते आणि असलेले जपून वापरते. संकट टळेपर्यंतची ती तजवीज असते. सिरॉसिसमध्ये शरीर याच तजविजीत कायमचे अडकून पडते. ओवेन यांनी इंधनाच्या बाजूने जे पाहिले, तेच संप्रेरकांच्या बाजूने दिसते. ताटात भाकरी-मटण असले, तरी शरीराचा कारभार उपाशी माणसाचा चाललेला असतो.

झोपण्यापूर्वीचा घास

यावर उपाय आहे आणि तो कुठल्याही घराला परवडणारा आहे. उपाशी राहण्याचे अंतर कमी करायचे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १०३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना सारखाच जादा पोषक आहार दिला. निम्म्यांना तो दिवसा दिला, निम्म्यांना रात्री झोपण्यापूर्वी. वर्षभरानंतर रात्री घेणाऱ्यांच्या शरीरात सुमारे दोन किलो स्नायूयुक्त भार वाढला होता. दिवसा घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. अन्न तेवढेच होते, फरक वेळेचा होता.

स्नायू टिकवण्याला इतके महत्त्व का? रक्तातला अमोनिया साफ करणे हे यकृताचे काम. यकृत कमी पडले की स्नायू ते काम अंगावर घेतात. स्नायूही गेले तर अमोनिया मेंदूवर चढतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, नावे विसरतो, हात थरथरतात, पुढे बेशुद्धी येते. पूर्वी या भीतीने रुग्णाचे अंडे, डाळ, दूध बंद करत. २००४ मध्ये बार्सिलोनातील डॉक्टरांनी अशा रुग्णांना नेहमीइतकी प्रथिने देऊन पाहिली आणि त्याने अपाय होत नसल्याचे दाखवले. आज जगभरचा सल्ला उलटा आहे. रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. दिवसा तीन-चार तासांहून जास्त वेळ उपाशी राहू नये. झोपताना काहीतरी खावेच आणि सकाळी उठल्यावर लवकर न्याहारी करावी. "लिव्हरचा त्रास आहे, साधी पेज द्या," हा शेजारपाजारचा सल्ला प्रेमाचा असला तरी अपुरा आहे.

रात्रीच्या घासाला फार काही लागत नाही. दूध आणि भाकरी, दही-पोहे, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, डाळीची खिचडी, उकडलेले अंडे. मधुमेह असेल तर गोड टाळून. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरची हौस मोठी, पण या रुग्णाची जंतूंशी लढण्याची ताकद कमी असते. त्याचे दूध उकळलेलेच हवे. पोटात पाणी असेल तर मीठही कमी हवे, म्हणजे लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ बाजूला.

मग रोज्याचे काय?

सगळ्यांना एकच उत्तर लागू नाही. डॉक्टर सिरॉसिसचे तीन टप्पे करतात. रक्ततपासणी, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम पाहून चाइल्ड-पग पद्धतीने ए, बी किंवा सी असा वर्ग ठरतो. एकेकाळी हिपॅटायटिस सी मोठ्या प्रमाणावर असलेल्या इजिप्तमध्ये या विषयावर बरेच काम झाले आहे. बी आणि सी वर्गातील रुग्णांनी रोजा धरू नये, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण कल आहे. ए वर्गातील स्थिर रुग्णाने डॉक्टरांना विचारून, तपासण्या करून, त्यांच्या नजरेखालीच तसा विचार करावा. पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, गोंधळलेपण यांपैकी काही झालेले असेल किंवा सोबत इन्सुलिन सुरू असेल, तर धोका फार मोठा. पाणी न प्यायल्याने मूत्रपिंडावर ताण येतो. लघवीची औषधे आणि पोट साफ ठेवणारे लॅक्ट्युलोज यांच्या वेळा चुकतात आणि तेवढ्यानेही रुग्ण बेशुद्धीकडे जाऊ शकतो.

धर्माची बाजू याहून कठोर नाही, उलट मृदू आहे. कुरआनातील सूरह अल-बकराच्या ज्या आयतींनी रोजा फर्ज केला, त्याच आयतींनी आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत दिली. बरा होणारा आजार असेल तर सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचे, त्याला फिदिया म्हणतात. आपल्या बाबतीत नेमके काय लागू आहे, ते डॉक्टरांचे मत घेऊन आलिमांना विचारावे. साखर तपासण्यासाठी बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, असेही बहुतेक आलिम सांगतात. आणि साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा लगेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ बजावतात.

हा प्रश्न एकट्या रमजानचाही नाही. निर्जळी एकादशी, नवरात्रातले नऊ दिवसांचे उपवास, जैन बांधवांचे पर्युषणातले उपवास, या सगळ्यांत यकृताचा हिशेब तोच असतो. उपवास कोणत्या देवासाठी आहे, हे यकृत विचारत नाही. त्यातही साबुदाणा आणि बटाट्यावर काढलेला उपवास म्हणजे जेवणानंतर चढणारी साखर आणि तुटपुंजी प्रथिने. म्हणून ज्या घरात सिरॉसिसचा रुग्ण आहे, तिथे हा हिशेब अंबाबाईच्या नवरात्रातही मांडावा लागतो.

दस्तरखानावर त्याचीही जागा

रोजा सुटला की रुग्णाला सर्वांत जास्त खुपते ते एकटेपण. सगळे सहरीला उठलेले, तो अंथरुणात. सगळे अजानची वाट पाहत बसलेले आणि तो आत कोपऱ्यात लपून औषध घेणारा. घरच्यांनी थोडा विचार केला तर हे टाळता येते. रमजानमधले घराचे वेळापत्रक या रुग्णाला उलट सोयीचे आहे. इफ्तारला त्याने सर्वांसोबत बसावे. तरावीहच्या नमाजेनंतर झोपण्यापूर्वीचा घास घ्यावा. आणि सहरीला अम्मी, अब्बा, मुले उठतील तेव्हा त्यालाही उठवावे, कारण पहाटेची न्याहारी हे त्याचे औषधच आहे. फरक इतकाच की दिवस उगवल्यावरही त्याचे खाणे दर तीन-चार तासांनी सुरू राहील. "अब्बा, तुमचा फिदिया आम्ही पोचवतो, तुम्ही वेळेवर जेवा," असे मुलाने स्वतःहून म्हटले तर त्या माणसाच्या मनावरचा अर्धा भार उतरतो.

आणि ज्यांना अजून हा आजार झालेला नाही त्यांच्यासाठी. हिपॅटायटिस बीची लस आहे, ती बाळाच्या सरकारी लसीकरणातच मिळते. हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्याची चौकशी सीपीआरमध्ये करता येते. मधुमेह आणि वाढलेले पोट असेल तर यकृताची तपासणी एकदा करून घ्यावी. चरबीचे यकृत वेळीच ओळखले तर मागे फिरवता येते, सिरॉसिस झाल्यावर ते फार अवघड असते. इफ्तारच्या ताटातली भजी, समोसे आणि सरबते थोडी कमी केली तरी त्याची सुरुवात होते.

घरात असा रुग्ण असेल तर पहिल्या रोज्याच्या आधी एकदा त्याची फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावे. तीन प्रश्न विचारावेत : वर्ग कोणता, जेवणानंतरची साखर किती आणि औषधांच्या वेळा कोणत्या? राहून गेले असेल तर उद्या जावे. आणि आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी त्याच्या उशाशी उकळलेल्या दुधाचा पेला आणि भाकरीचा तुकडा ठेवावा.